दहाचाकीत पंखा, म्युझिक आणि मागचे दिवे: वायर कुठून घ्यायची?

भाऊ, केबिनला पंखा, मोबाइल चार्जर, म्युझिक सिस्टिम आणि रात्री ताडपत्री बांधताना उजेड हवा म्हणून मागे दोन एलईडी दिवे, एवढं तुम्हाला स्वतः जोडायचं आहे. म्युझिक 12 व्होल्टचं आणि गाडी 24 ची, म्हणून कुणीतरी ‘दोनपैकी एका बॅटरीवरून लाइन घे’ असं सांगितलं. ते तेवढं ऐकू नका. बाकीचं काम तुम्हाला नक्की जमेल.

मोठ्या गाडीत 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, म्हणजे एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडून 24 होतात. अल्टरनेटर साधारण 28 व्होल्ट देतो आणि चार्जिंगचा करंट दोन्हींतून सारखाच जातो. तुम्ही रोज खालच्या, म्हणजे मायनस चेसिसला जोडलेल्या बॅटरीतून म्युझिक वाजवलंत की ती रिकामी होत जाते, वरची मात्र भरलेलीच असते. मग वरचीला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून तिचं पाणी उकळतं आणि खालची कायम उपाशी राहते. थोड्याच महिन्यांत एक बॅटरी बसते, आणि नव्या-जुन्याची जोडी टिकत नाही म्हणून दोन्ही बदलाव्या लागतात. म्युझिकसाठी 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर घ्या. पंखा 24 चाच मिळतो. चार्जर 12-24 दोन्हीवर चालणारा घ्या.

आता अँपिअरचा हिशेब. वॅटला व्होल्टने भागायचं. 48 वॅटचा दिवा 24 व्होल्टवर 2 अँपिअर घेतो, म्हणजे दोन दिव्यांचे 4. म्युझिक 12 व्होल्टवर 10 अँपिअर ओढत असेल तर कन्व्हर्टरच्या अलीकडे, 24 च्या बाजूला, ते 5-6 होतात. प्रत्येक वस्तूचा आकडा कागदावर मांडा आणि मगच वायर विकत घ्या. दिव्यांसाठी दीड स्क्वेअर एमएम तांब्याची, बारीक तारांची ऑटो वायर पुरे.

फ्यूजबद्दल बहुतेकांची समजूत उलटी असते. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरसाठी असतो. म्हणून त्याची जागा दिव्याजवळ नाही, बॅटरीजवळ, प्लसपासून वीतभर अंतरात. बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा सोडला तर बाकी सगळी वायर त्याच्या राखणीत येते. हाच फ्यूज डॅशबोर्डमागे लावलात आणि चेसिसवर कुठे वायर घासली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते, वायर लाल होते आणि फ्यूजला पत्ताही लागत नाही. दिव्यांच्या लाइनला साडेसातचा, तपकिरी रंगाचा फ्यूज टाका. उडाला तर तेवढ्याच आकड्याचा परत टाका, पुन्हा उडाला तर शॉर्ट शोधा. तारेचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून गाडी चालवणारे बघितले की मला खरंच काळजी वाटते. त्याच केबिनमध्ये माणूस झोपलेला असतो.

दिव्यांना रिले लावा, म्हणजे छोट्या स्विचच्या थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा डबा, 24 व्होल्टचाच. 12 चा लावला तर त्याची कॉइल जळते. रिलेच्या पिनांवर नंबर असतात: फ्यूजवरून आलेली वायर 30 वर, दिव्याकडे जाणारी 87 वर, स्विचची 86 वर आणि 85 अर्थला. घरातला स्विच डीसीवर वापरू नका. स्विचमध्ये छोटा दिवा असलेला घ्या, म्हणजे मागचे दिवे चालू ठेवून तुम्ही हायवेला लागणार नाही; मागच्या ड्रायव्हरचे डोळे दिपतात.

काम सुरू करताना आधी मायनस काढा, जोडताना तो शेवटी. उलटं केलंत आणि प्लस सोडवताना पाना चेसिसला लागला तर ठिणगी उडते. गाडी बीएस-6 असेल तर चावी बंद केल्यावर पाचेक मिनिटं थांबा, कारण युरियाचा पंप तेव्हा नळ्या रिकाम्या करत असतो. आणि कंपनीच्या हार्नेसमधली (वायरींच्या बांधलेल्या जुडीतली) वायर सोलून तिथून लाइन घेऊ नका. त्यात सेन्सरच्या वायरी असतात, शिवाय वॉरंटीचा वाद होतो तो वेगळाच.

केबिनच्या पत्र्यातून वायर काढाल तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी रिंग, हवंच. गाडीच्या थरथरीने पत्र्याची कड आवरणात रोज थोडी थोडी उतरते; बाहेरून वायर धडधाकट दिसते आणि आत तांबं उघडं पडलेलं असतं. पुढे मागपर्यंत फ्लेक्झिबल पाइपात घालून, सायलेन्सरपासून लांब, टायने बांधत न्या. पीळ मारून टेप गुंडाळलेला जॉइंट नको. विदर्भाच्या उन्हात टेपचा डिंक पातळ होतो, टेप सरकते आणि जॉइंट उघडा पडतो. क्रिम्पिंग पक्कड घेऊन वायरच्या टोकाला थिंबल (धातूचं टर्मिनल) दाबा, वर गरम केल्यावर आवळणारी हीट-श्रिंक नळी चढवा. अर्थसाठी चेसिसचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घालून बोल्ट कसा आणि वरून ग्रीस लावा. ‘दिवा लुकलुकतो’ म्हणून येणाऱ्या गाड्यांत मी पहिल्यांदा हा बोल्टच बघतो.

झालं की सगळं चालू करून पंधरा-वीस मिनिटांनी फ्यूज होल्डरला आणि प्रत्येक थिंबलला हात लावून बघा. एखादं गरम लागलं तर तिथे पकड ढिली आहे. ते कापून नवीन थिंबल दाबा. माल भरून पहिली खेप झाली की सगळे बोल्ट पुन्हा एकदा कसून घ्या.