चाळीस मिनिटं म्यूटवर

"स्वेच्छानिवृत्ती घ्यावी म्हणते," असं म्हणत बाई खुर्चीत बसल्या, तेव्हा मला वाटलं, घरी कुणाचं आजारपण निघालं असेल. निघालं भलतंच. कॉलेजने सगळ्यांना आपापला विषय एलएमएसवर, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन अध्यापन-प्रणालीवर, चढवायला सांगितला होता आणि पंधरा दिवसांची मुदत दिली होती.

वय 53, विषय भूगोल, नोकरी नाशिकमधल्या एका अनुदानित कॉलेजात. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. पण ही तक्रार त्यांच्या एकटीची नाही. पन्नाशी ओलांडलेले प्राध्यापक माझ्याकडे सल्ल्याला येतात ते बहुतेक हेच घेऊन: नवीन पोरं फटाफट करतात, नॅक, म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन, आलं की आमची धांदल उडते, मग शिक्षक म्हणून आम्ही संपलो का?

तंत्रज्ञानाची भीती कधी सुरू झाली, हे मी नेहमी विचारते. तारीख आठवत नसेल तर ती भीती नसते, कंटाळा असतो. बाईंना प्रसंग लख्ख आठवत होता. 2020 च्या लॉकडाउनमधला ऑनलाइन तास, गोदावरी खोरं. त्या तन्मयतेने शिकवत राहिल्या आणि संपल्यावर चॅट उघडली. 'मॅडम आवाज येत नाहीये' ही ओळ सतरा वेळा होती. खाली हसणारे चेहरे. चाळीस मिनिटं त्या म्यूटवर बोलत होत्या. तेव्हापासून कॉलेजातला एक तासिका तत्त्वावरचा सहकारी त्यांचे पीपीटी करतो, फॉर्म भरतो, लिंक पाठवतो. त्याचे उपकार होतात आणि त्याच्यासमोर मान खाली जाते, दोन्ही एकदमच.

इथे माझी चूक सांगते. पहिल्याच भेटीत मी म्हणाले, "मुलाकडून शिका ना, घरातच इंजिनियर आहे." आठवड्याने बाई आणखी खचून आल्या. मुलगा शेजारी बसला, दोन मिनिटांत "अगं आई, दे इकडे" म्हणाला आणि माऊस काढून घेतला. काम झालं, शिकणं राहिलं. कॉलेजांतल्या कार्यशाळाही मला बऱ्याचदा अशाच वाटतात. पडद्यावर कुणीतरी भराभर क्लिक करतो, "एकदम सोप्पं आहे" म्हणतो, शेवटी प्रमाणपत्र आणि चहा. 'सोप्पं आहे' हे ऐकून ज्याला जमत नाही त्याला आणखीच कानकोंडं होतं.

दुसऱ्या भेटीत मी युरोपीय आयोगाचा डिजकॉम्पएज्यू हा आराखडा पुढे ठेवला. 2017 चा, शिक्षकांच्या डिजिटल क्षमतांचा. सहा क्षेत्रं, 22 क्षमता. भाषा शिकण्याच्या पायऱ्या असतात तशाच इथेही ए-1 पासून सी-2 पर्यंत. तो आपल्याला लागू नाही, पण आरसा म्हणून बरा. बाईंनी चष्मा लावून यादी दोनदा वाचली आणि विचारलं, "यात बटणं कुठं आहेत?" नेमकं तेच. त्यात विचारलंय ते साहित्य कसं निवडता, मूल्यमापन कसं करता, मागे पडलेल्या विद्यार्थ्यापर्यंत कसं पोचता. ब्रिटनच्या उच्चशिक्षणातल्या अध्यापन-मानकांतही डिजिटल साधनांच्या वापराला 'योग्य' असं विशेषण लावलेलं आहे, 'भरपूर' नाही.

यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, 2018 ची नियमावली मात्र त्यांना तोंडपाठ होती, आणि धमकीसारखी. प्राध्यापकपदाच्या पदोन्नतीला 110 रिसर्च स्कोअर (संशोधनकामाचे गुण) हवा, त्यात ई-आशयाला, म्हणजे ऑनलाइन अभ्याससाहित्याला, गुण आहेत. हा ई-आशय चार भागांचा: व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा, स्वाध्याय.

"रविवारी काय करता?" मी सहज विचारलं.

"आता काही नाही. आधी बारा वर्षं मुक्त विद्यापीठाच्या केंद्रावर संमंत्रक होते."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून याच शहरात आहे, आणि त्याची पद्धतच ही: विद्यार्थी पुस्तक घरी वाचणार, संमंत्रकाकडे येऊन अडलेलं विचारणार, स्वाध्याय लिहिणार. "मॅडम, चारातले तीन भाग तुम्ही बारा वर्षं केलेत. व्हिडिओ तेवढा राहिलाय." बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "तेव्हा कुणी डिजिटल म्हणायचं नाही ना."

मग आम्ही ठरवलं: पंधरा दिवसांत एकच गोष्ट, एकच घटक. नियम दोन. माऊस दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, आणि अडलं तर "परत दाखव" असं मोठ्याने म्हणायचं. हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर पाच वेळा म्हणून पाहिलं. पहिल्या दोन वेळा आवाजच फुटेना.

बाईंचा हात फळ्यावर विलक्षण चालतो. नकाशा समोर न ठेवता त्या खडूने गोदावरी काढतात: ब्रह्मगिरीपासून निघून नाशिक, मग दारणा, मग नांदूर मधमेश्वरजवळ कादवा. रिकाम्या वर्गात फोन बाकावर पुस्तकांच्या चळतीला टेकवून त्यांनी हेच सात मिनिटं टिपलं आणि चढवलं. दोन दिवसांनी सुरगाण्याच्या एका मुलीचा मेसेज आला: व्हिडिओ उतरत नाही, रेंज नाही. आधीच्या बाई असत्या तर पुन्हा निवृत्तीवर आल्या असत्या. या वेळी त्यांनी फळ्याचे टप्प्याटप्प्याने चार फोटो काढले, प्रत्येकासोबत मिनिटभराचा आवाज जोडला आणि व्हॉट्सॲपवर टाकले. मला हे सगळं झाल्यावर कळलं. त्या आराखड्यात विद्यार्थ्यांना साहित्य सुलभ करून देणं ही वेगळी क्षमता म्हणून नोंदलेली आहे. तिथे बाई ए-1 वर नक्कीच नाहीत.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एलएमएसवरची गुणनोंद अजूनही तो सहकारीच भरतो, आणि पीपीटी बाईंना मनापासून आवडत नाही. मलाही त्यांनी ती आवडून घ्यावी असं वाटत नाही. पदोन्नतीची मुलाखत व्हायची आहे.

ऑनलाइन तासाला आता त्या एक विद्यार्थी 'राखणदार' नेमतात. आवाज गेला की चॅटवर लिहायचं नाही, सरळ फोन करायचा. मागच्या महिन्यात फोन वाजला. तीन मिनिटं म्यूटवर गेली होती. बाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस," आणि परत ब्रह्मगिरीपासून सुरुवात केली.