पहिला मेकॅनिकल कीबोर्ड घेताय? आधी स्विच बघा

अरे भावा, आरजीबी लाइट बघून कीबोर्ड घेऊ नकोस, आत स्विच कोणता आहे ते आधी बघ. साध्या कीबोर्डात कीखाली रबराचा घुमट असतो, की जवळजवळ तळापर्यंत दाबावी लागते तेव्हा कुठे अक्षर उमटतं, पण मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कीखाली स्वतःची स्प्रिंग असलेला स्विच असतो, चेरी कंपनीच्या एमएक्स रेड स्विचचंच घे ना, की एकूण 4 मिमी खाली जाते पण अक्षर 2 मिमीलाच उमटतं, म्हणजे प्रत्येक वेळी तळ गाठायची गरजच नाही, एकदा ही सवय लागली की दिवसभर टायपिंग करायलाही मजा येते. स्विचचे प्रकार रंगावरून ओळखतात: रेड सरळ खाली जातो, ब्राऊनला मध्ये बारीकसा अडथळा जाणवतो, ब्लू चांगलाच खटखट वाजतो, शेजारी कोणी बसत असेल तर ब्लू नकोच.

हॉट-स्वॅपवालाच घे, सोल्डरिंग न करता स्विच बदलता येतात. कीकॅप, म्हणजे कीवरच्या टोप्या, पीबीटी प्लास्टिकच्या बघ, एबीएस प्लास्टिकच्या वापरून वापरून चकचकीत होतात.

आणि स्पेसबार नक्की दाबून बघ, मध्ये दाब, दोन्ही कडांना दाब, खडखड आली तर स्टॅबिलायझरच्या, म्हणजे लांब की दोन्ही कडांना सारखी खाली नेणाऱ्या भागाच्या, तारेला थोडं ग्रीस लाव, आवाज एकदम भरीव होतो, मला तर कीबोर्डात सगळ्यात जास्त तोच आवडतो!

आयबीएमचा 1985 चा मॉडेल एम अजून लोक रोज वापरतात, त्यात की दाबली की स्प्रिंगच वाकते आणि खट्ट वाजते. कुणाकडे दिसला तर दोन ओळी टाइप करून बघच.