सगळं अचानक कोलमडल्यावर देवावर विश्वास कसा ठेवायचा?

नोकरी गेली, त्यातच घरात आजारपण, आणि आता देवापुढे हात जोडवत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. अशा वेळी मला तुकोबाच आठवतात. देहूतलं खाऊनपिऊन सुखी घर, वाण्याचा चालता व्यवसाय. १६३० च्या सुमारास दुष्काळ पडला आणि सगळंच गेलं. दिवाळं निघालं, पत्नी ‘अन्न अन्न’ करत गेली, लोकांत तोंड दाखवायची लाज वाटू लागली. हे सगळं त्यांनी स्वतःच अभंगात सांगितलंय, काहीही न झाकता. त्यानंतर केलं काय, तर भंगलेलं देऊळ दुरुस्त करायला घेतलं आणि कीर्तनाला उभे राहू लागले. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण मन थाऱ्यावर नसतानाही हातांना काम देता येतं.

आणि हो, विठोबाशी ते कडकडून भांडलेसुद्धा. त्यामुळे राग आला म्हणजे श्रद्धा संपली, असं मानू नका. जप होत नसेल तर राहू द्या, पण मनातलं सगळं त्याला सांगा, हवं तर रडून, रागावून. औषधपाणी आणि नोकरीचा शोध मात्र त्याच्यावर सोडू नका. रात्री आजारी माणसाच्या उशाशी बसून एखादा अभंग मोठ्याने वाचा; त्यांनाही बरं वाटेल.