स्टेरॉइड कमी केलं की आईचा युव्हायटिस (डोळ्याच्या आतली सूज) पुन्हा उसळतो, पुढे काय?

आईच्या डोळ्याला स्टेरॉइड पुरत नसेल, तर आधी टीबी तपासून घ्या, मॅन्टू (टीबीसाठीची कातडीवरची चाचणी) आणि छातीचा एक्स-रे. डोळ्यातल्या टीबीनेही असंच होतं, आणि मग औषधच वेगळं. टीबी नसेल तर बहुधा मेथोट्रेक्सेट देतील, म्हणजे प्रतिकारशक्ती आवरणारं औषध. गोळी आठवड्यातून एकदाच हं! आमच्या मावशीने आठवडाभर रोज घेतली, तोंड सोलून निघालं.

त्यानेही भागलं नाही तर प्रतिकारशक्ती आवरणारंच एक इंजेक्शन, अ‍ॅडालिमुमॅब. सुरुवातीचा डोस जास्त, मग दर 2 आठवड्यांनी 40 मिलिग्रॅम, कातडीखाली. ते 2 ते 8 अंशांत ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही. आम्ही पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसने आणायचो, सोलापुरी टॉवेलात गुंडाळून, बर्फाच्या डब्यात. स्टेरॉइड मात्र स्वतःहून बंद करू नका.