ओशन्स इलेव्हन: नुसती स्टाइल की दमही आहे?

प्रश्न: २००१चा 'ओशन्स इलेव्हन' सिनेमा दिसायला एकदम भारी, पण त्यात खरंच दम आहे का हो?

उत्तर: आहे की! सोडरबर्गने डायरेक्शनसोबत कॅमेराही स्वतःच सांभाळलाय, वर डेव्हिड होम्सचं म्युझिक, त्यामुळे लास वेगासच्या तीन कसिनोंची एकच तिजोरी फोडायचा प्लॅन समजावतानाचे सीनही जराही कंटाळवाणे होत नाहीत आणि जॉर्ज क्लूनी-ब्रॅड पिट हे हिरो तर अर्धवट वाक्यं बोलतात तरी सगळं कळतं, मला हे फारच आवडतं. १९६०च्या सिनात्रावाल्या मूळ सिनेमापेक्षा हा कितीतरी चपळ. पण ज्युलिया रॉबर्ट्सला दोन पुरुषांच्या मधे उभं राहण्यापलीकडे फारसं कामच नाही, हे खटकतंच. आणि शेवटी बॅगांमध्ये पैशांऐवजी निघतात ती जाहिरातीची पत्रकं तिजोरीत पोचली कशी, ते सिनेमा सांगतच नाही.