घोड्याचे पाय पाळण्यात

गेल्या अंकात कल्हईबद्दल लिहिताना मी माझ्या कपाटातल्या 'माय लिटल पोनी'चा, म्हणजे अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीच्या खेळण्यातल्या घोड्यांचा, ओझरता उल्लेख केला, आणि या महिन्यात कल्हईवर फक्त दोन पत्रं आली. बाकी सगळी घोड्यांवर. दिवाळीची आवराआवर नुकतीच उरकलेली, त्यामुळे माळ्यांवरून बरंच काही निघालेलं दिसतंय. तेव्हा भांडी पुढच्या महिन्यात.

माझी ओळख नव्या वाचकांसाठी: ३१ वर्षं पी.व्ही.सी.च्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी, आता निवृत्त, मुक्काम डोंबिवली. पहिला घोडा १९८४ साली माझ्या भावाने न्यू जर्सीहून माझ्या मुलीसाठी आणला. मुलीचं खेळून झालं, माझं अजून व्हायचंय.

प्रश्न : ट्रंकेत चार रबरी घोडे सापडले. १९८६ साली मावशी लंडनहून आली तेव्हा तिने आणलेले. दोन निळे, एक गुलाबी, एक पांढरा शिंगवाला. एका निळ्याच्या पायाखाली १९८२ असं साल आहे. म्हणजे तो १९८२चा धरायचा का? आणि दोन्ही निळे एकच का? – एक वाचक, नाशिक

आधी माझ्या पोटापाण्याच्या विषयाला न्याय देऊ द्या. ते रबर नाही, मऊ केलेलं पी.व्ही.सी. आहे. रबर असतं तर चाळीस वर्षांत तडकून त्याचा भुगा झाला असता.

आता साल. घरात एखाद्या तांब्यावर आजोबांचं नाव आणि साल घातलेलं असतं, ते तांब्या दिल्याचं साल, घडवल्याचं नव्हे. इथेही तसंच काहीसं. पायाखालचं १९८२ हे त्या घडणीवरच्या हक्काचं साल. त्याच साच्यातून पुढे कितीतरी वर्षं घोडे निघत राहिले. तुमच्या मावशीने १९८६ साली दुकानातून कोरा करकरीत घोडा घेतला आणि त्याच्या पायाखाली १९८२ निघालं, तर त्यात नवल काही नाही. सालाशेजारी हॅस्ब्रो आणि देशाचं नाव आहे का ते बघा. बहुतेक ठिकाणी हाँगकाँग किंवा चीन सापडेल.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. घोड्याच्या बाबतीत मी ते अक्षरशः घेते. लोक आधी चेहरा बघतात, 'किती गोड' म्हणतात आणि तिथेच फसतात. घोडा उलटा करा. पहिले सहा घोडे आले ते ब्लॉसम, ब्लू बेल, बटरस्कॉच, कॉटन कँडी, मिंटी आणि स्नझल. त्यांच्या पहिल्या खेपेचे खूर खालून सपाट आहेत, पुढच्या खेपेचे खोलगट, अगदी छोट्या पणतीसारखे. बोट फिरवलं तरी कळतं. संग्राहक मंडळी सपाट पायासाठी जीव टाकतात. माझ्याकडे सपाट पायाचा एकच आहे, मिंटी. हिरवा घोडा, पांढरे केस, अंगावर तीन पानांचे हिरवे शॅमरॉक. ती पानं आयर्लंडची. माझे यजमान मात्र त्याला अजून 'आंबट चुक्याचा घोडा' म्हणतात.

तुमचे दोन निळे एक नसावेत. कंबरेवरचं चित्र बघा. तिथे चांदण्या असतील तर ब्लू बेल, गुलाबी बो असतील तर बो टाय. केसांवरून ठरवायला जाऊ नका. ब्लू बेलचे केस जांभळट, बो टायचे गुलाबी हे खरं, पण चाळीस वर्षं ट्रंकेत काढल्यावर, त्याआधी कुणी खिडकीत ठेवले असतील तर, दोघांचेही केस धुतलेल्या परकराच्या रंगाचे होतात. अंगाचा रंग त्यापेक्षा बरा टिकतो, चित्र सगळ्यांत बरं. गुलाबीचंही असंच: पंख नसून ठिपके असतील तर कॉटन कँडी, पंख आणि निळ्या विजा असतील तर फायरफ्लाय.

पांढरा शिंगवाला जरा अवघड. पांढऱ्या अंगाचे, एका शिंगाचे तीन तरी नेहमी समोर येतात. तुटता तारा असेल तर ग्लोरी. चंद्रकोर आणि चांदण्या असतील तर मूनडान्सर, तिचे केस लालसर. निळी फुलं आणि निळ्या केसांत एक पांढरी बट असेल तर मॅजेस्टी, म्हणजे ड्रीम कॅसल नावाच्या खेळण्यातल्या वाड्यासोबत यायची ती. त्या वाड्यात तिच्याबरोबर स्पाइक नावाचा एक छोटा ड्रॅगनही असे. ट्रंकेच्या तळाशी जांभळट रंगाचं पालीएवढं काही पडलेलं असेल तर ते फेकू नका, आधी मला कळवा!

प्रश्न : माझा पोनी भारतात बनलेला, फनस्कूलचा. लंडनच्या आतेबहिणीने व्हिडिओ कॉलवर बघून 'डुप्लिकेट' म्हटलं. रंगही तिच्या पोनीपेक्षा वेगळा आहे. खरंच नकली आहे का? – एक वाचक, म्हापसा

आतेबहिणीला माझा नमस्कार सांगा आणि हे उत्तर मोठ्याने वाचून दाखवा.

फनस्कूल ही हॅस्ब्रो आणि टायरवाले एम.आर.एफ. यांच्या भागीदारीतून १९८७ साली उभी राहिलेली कंपनी. त्यांचा कारखाना तुमच्या गोव्यातच. हॅस्ब्रोचे घोडे केवळ हाँगकाँग आणि चीनमध्ये झाले नाहीत. इटली, स्पेन, ग्रीस, ब्राझील, अर्जेंटिना, पेरू, मेक्सिको, भारत अशा बऱ्याच देशांत परवान्यावर निघाले. ब्राझीलमध्ये एस्ट्रेला कंपनीचे, नाव पोर्तुगीज. स्पेनमध्ये स्पॅनिश नाव, फ्रान्समध्ये फ्रेंच.

रंग वेगळा का, हे मात्र मी धंद्यातली म्हणून सांगते. पी.व्ही.सी. मुळात पांढरी भुकटी. तिच्यात मऊ करणारं तेल, उष्णतेत टिकण्यासाठी स्थिरक आणि रंग घालतात. नमुन्याचा घोडा परदेशातून आला तरी रंगद्रव्य स्थानिक, तेल स्थानिक, केसांचा धागाही हाताशी असेल तो. आमच्याकडे एकाच नळीचा राखाडी रंग दोन पाळ्यांत दोन छटांचा यायचा, आणि दोन्ही पाळ्यांचे सुपरवायझर एकमेकांकडे बोट दाखवायचे. मग दोन खंडांतले घोडे सारखे कसे निघणार? केस एकाचे पिवळे, दुसऱ्याचे नारिंगी. चित्र थोडं खाली सरकलेलं. डोळ्याचा निळा वेगळा.

गंमत म्हणजे हेच चुकार घोडे आज संग्राहकांना सगळ्यांत प्यारे. पाश्चात्त्य मंडळींनी त्यांना नाव दिलंय 'निर्वाणा पोनी'. आपल्याकडे निर्वाण मिळालं की माणूस संग्रह सोडतो, त्यांच्याकडे तिथे सुरू होतो. असो. जपून ठेवा. रंगवायला, केस बदलायला जाऊ नका.

नकली कसा ओळखायचा तेही सांगते. लोकलमध्ये मिळायचे ते आठवा: कडक, दाबला की 'टक' वाजणारा, पोटावरून साच्याची धार गेलेली, नखाने खरवडली तर सोलून येईल असं चित्र. अस्सलचे केस झुपक्याझुपक्यांनी डोक्यात ओवलेले असतात, मानेपर्यंत भोकांची ओळ दिसते. माझ्या मुलीकडे तोही एक होता. तिचा तोच लाडका, हे आता कबूल करायला हरकत नाही.

प्रश्न : काकू, माझ्या घोड्याची शेपटी मुळाशी तपकिरी झालीय आणि पाठीमागे डागही पडलाय. आईच्या लहानपणीचा आहे. शाम्पूने जात नाही. – एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

शाम्पूने जाणार नाही बाळा, तो मळ नाही, गंज आहे. शेपटी आतून लोखंडी चकतीने अडकवलेली असते. तुझ्या आईने त्याला अंघोळ घातली असणार. सगळ्या मुली घालायच्या. पाणी शेपटीच्या भोकातून पोटात जातं आणि बाहेर यायचा रस्ता नसतो. त्यात तुमची खारी हवा.

मी काय करते ते सांगते, पहिल्यांदा मोठ्या माणसाला जवळ बसव. वाटीत हाताला सोसेल एवढं गरम पाणी घे, त्यात घोड्याची मान बुडवून पाचेक मिनिटं धर. मानेभोवती बारीक सांधा दिसेल. तिथे डोकं धडाला चिकटवलेलं असतं. पी.व्ही.सी. गरम झालं की पोळीसारखं लवचीक होतं, तेव्हा लोण्याची बोथट सुरी सांध्यात सरकवून हळूहळू फिरव. घाई केलीस तर मान फाटते. डोकं निघालं की आत डोकाव. मी पहिल्यांदा डोकावले तेव्हा आत चहाच्या गाळासारखा भुगा, एक काळा केस आणि मोगऱ्याची वाळलेली कळी होती. कळी कशी गेली, विचारू नकोस. माझ्या मुलीलाही आठवत नाही.

शेपटी आतल्या बाजूने ओढून घे, चकती कापून काढ. शेपटीच्या डागावर लिंबू आणि मीठ लावून सावलीत ठेव, मग धू. उन्हात नको, रंग उडेल. पोट आतून ओल्या कापसाने पुसून पूर्ण एक दिवस वाळू दे. शेपटीला मुळाशी वायर बांधायची प्लास्टिकची पट्टी आवळ आणि परत बसव. लोखंड पुन्हा आत जाता कामा नये. डोकं बसवताना पुन्हा गरम पाणी.

अंगावरचा डाग फिका होईल, पूर्ण जाईलच असं धरून चालू नकोस. आणि मखमली अंगाचा घोडा असेल, ज्याला सो सॉफ्ट म्हणतात, तर यातलं काहीच करू नकोस. त्याची लव पाण्यात घासली की जाते आणि घोडा खरजेच्या कुत्र्यासारखा दिसतो.

प्रश्न : बॉलपेनची शाई कशी काढावी? नेलपॉलिश रिमूव्हर चालेल का? – एक वाचक, कोल्हापूर

नको! १९९७ साली मी, पी.व्ही.सी.वाली, पोरीच्या बो टायवरची शाई काढायला ॲसिटोन, म्हणजे रिमूव्हरमधलंच रसायन, घेऊन बसले. शाई गेली. चित्र गेलं. अंगाची चकाकी गेली आणि तिथे पापड भाजल्यासारखे फोड आले. तो घोडा मी मुद्दाम पुढच्या रांगेत ठेवलाय.

संग्राहक मुरुमांवरचं बेन्झॉइल पेरॉक्साइडचं मलम डागापुरतं लावून उन्हात ठेवतात. शाई हळूहळू उतरते, चार-सहा दिवस लागतात. पण ते अंगाचा रंगही उडवतं, म्हणून रोज बघायचं आणि चित्राच्या आसपास अजिबात लावायचं नाही. अंगावर आपोआप आलेले तपकिरी-गुलाबी ठिपके असतील, ज्याला मंडळी 'पोनी कॅन्सर' म्हणतात, तर हात लावू नका. तो प्लास्टिकच्या पोटातला विकार आहे. शेजारच्या घोड्याला लागत नाही, वेगळं बसवायची गरज नाही.

प्रश्न : गराज सेलमध्ये 'ऐंशीच्या दशकातले' म्हणून घोडे मिळतात. सगळे जुनेच असतात का? – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

छे. पहिली पिढी अमेरिकेत १९९२ पर्यंत, युरोपात आणखी काही वर्षं. हे घोडे गुबगुबीत, रुंद गालांचे. १९९७ नंतरचे सडपातळ, लांब पायांचे, ओळखायला सोपे. २००३ नंतरचे पुन्हा गोल झाले म्हणून गोंधळ होतो, पण त्यांच्या एका पायात लोहचुंबक असतं. खिशात टाचणी ठेवा. पायाला चिकटली की पैसे परत खिशात.

खरी भीती आहे ती पहिल्या सहांच्या नव्या आवृत्तीची. पंचविसाव्या वाढदिवसाला हॅस्ब्रोने त्या पुन्हा काढल्या, नंतर बेसिक फन नावाच्या कंपनीनेही जुन्यासारखे दिसणारे घोडे काढले. त्यांत वाईट काही नाही, मी स्वतः घेतलेत. फक्त जुन्याचे पैसे देऊ नका.

थोडक्यात

वाचक, सांगली : मोठा, कडक प्लास्टिकचा, डोळा मिचकावणारा तुमचा घोडा नकली नाही. तो 'माय प्रिटी पोनी', १९८१चा, या सगळ्यांचा थोरला भाऊ. हॅस्ब्रोतल्या बॉनी झॅकर्ली या चित्रकर्तीच्या कल्पनेतून आलेला. तिला मऊ, विंचरता येईल असा हवा होता, तो पुढच्या खेपेला झाला.

वाचक, पुणे : घोड्यांच्या डब्यात डांबरगोळ्या नकोत, कडक प्लास्टिकचा कंगवाही नको. मऊ पी.व्ही.सी.तलं तेल कंगव्यात उतरतं आणि कंगवा घोड्याला चिकटतो. मलमलीच्या फडक्यात वेगवेगळे गुंडाळा.

वाचक, नागपूर : यजमान ५६व्या वर्षी घोडे विंचरतात याची काळजी नको. केस विंचरताना टोकाकडून सुरुवात करायला सांगा, मुळाकडून केली तर झुपके निघतात.

वाचक, इचलकरंजी : नाही. मिंटी विकायचा नाही. हे तुमचं तिसरं पत्र.