बक्षीस ठेवलं, तरी टीम गप्पच

"नऊजणांची टीम आहे. नेमून दिलेलं काम होतं, पण आपणहून कुणी काही करत नाही. मीटिंगमध्ये माना डोलावतात आणि उठून जातात. दर महिन्याला उत्तम कर्मचारी निवडून बक्षीस द्यायला लागले, तर वातावरण आणखीच बिघडलं. माझं काय चुकतंय?"

ग्राहकसेवा विभाग सांभाळणाऱ्या एका बाईंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आधी बक्षिसाचा हिशेब मांडला. सहा महिन्यांत पाच वेळा ते त्याच दोघांना मिळालं होतं. निकष होता निकाली काढलेल्या तक्रारींची संख्या. त्यामुळे सोप्या तक्रारी पटापट उचलल्या जात आणि किचकट तक्रारी दुसऱ्याच्या गळ्यात पडत. ज्यांनी त्या निस्तरल्या, त्यांचं नाव कधीच आलं नाही.

लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा 1973चा प्रयोग इथे आठवतो. चित्रं काढण्याची मुळात आवड असलेल्या लहान मुलांना त्यांनी चित्रासाठी प्रशस्तिपत्र कबूल केलं. पुढे मोकळ्या वेळेत ही मुलं चित्रांकडे इतरांपेक्षा निम्म्यानेच वळली. अचानक, न सांगता प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांची आवड मात्र टिकली. पगार योग्य हवाच, त्याला पर्याय नाही. पण आमिष लावलं की माणूस कामाऐवजी आमिषाकडे बघू लागतो.

बक्षीस थांबवून बाईंनी प्रत्येकाशी एकेकट्याने वीस मिनिटं बोलावं, असं ठरलं. मूल्यमापनाचा कागद समोर नको. प्रश्न तीनच: कुठल्या कामात वेळ कसा गेला ते कळत नाही? काम कुठे अडतं? कोणता निर्णय तुमच्या हातात हवा? प्रश्न विचारून गप्प बसायचं. सर्वांत कठीण हेच असतं, कारण प्रमुखाला लगेच खुलासा करावासा वाटतो.

नऊपैकी सातजणांनी एकच गोष्ट सांगितली. किरकोळ पैसे परत द्यायलाही बाईंची मंजुरी लागते, तोवर ग्राहक ताटकळतो आणि बोलणी आपण खातो. म्हणजे अडसर त्यांच्याच टेबलावर होता. हे ऐकून त्या दुखावल्या, पण ऐकून घेतलं. त्याला धैर्य लागतं.

सगळ्या उत्तरांचे तीन भाग केले: या आठवड्यात होईल, वरिष्ठांना विचारावं लागेल, होणार नाही. तिन्ही भाग टीमपुढे वाचून दाखवले. तिसरा भाग तर कारणासकट. मतं विचारून पुढे काहीच न कळवणं हे न विचारण्यापेक्षा वाईट. पुढच्या वेळी कुणी तोंड उघडत नाही.

ठरावीक रकमेपर्यंतचा निर्णय टीमकडे गेला. पहिल्याच आठवड्यात दोन चुका झाल्या आणि बाई पुन्हा प्रत्येक प्रकरण तपासू लागल्या. गाडी बहुतेकदा इथेच घसरते. हक्क परत काढून घेतला, तर तो मुळात दिलाच नव्हता असं लोक धरून चालतात. त्याऐवजी शुक्रवारी आठवड्याची सगळी प्रकरणं एकत्र पाहायची आणि दोन चुकांतून नियमात कुठे संदिग्धता होती ते शोधायचं, असं ठरवलं. चौथ्या आठवड्यात नियमाचं नवं वाक्य टीमनेच सुचवलं.

मीटिंगचा उपाय छोटा होता. आधी पाच मिनिटं सगळ्यांनी लिहायचं, मग बोलायचं, प्रमुखाने शेवटी. कौतुकही नेमकं हवं. "छान काम" यातून काही कळत नाही; "त्या ग्राहकाला तुम्ही स्वतःहून परत फोन केलात, म्हणून प्रकरण वर गेलं नाही" हे लक्षात राहतं. तेही एक-दोन दिवसांच्या आत.

स्वयंसेवकांच्या गटातही हेच घडतं, फक्त तिथे माणूस राजीनामा देत नाही, यायचा थांबतो. काम किती तासांचं आणि कधी संपणार, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

नऊजणांपैकी एक मात्र तसाच अलिप्त राहिला. दुसऱ्या भेटीत कळलं की घरी आजारपण आहे, रात्रीची झोप होत नाही. त्याला उत्साहाचे धडे देण्यात अर्थ नव्हता. त्याची पाळी बदलून दिली.